कचऱ्याचं दार

बागेतला कचरा बाहेर यायला दार होतं. चष्मेवाल्यांच्या आईला बागेत जायला नव्हतं. खरं म्हणजे गोष्ट एवढीच आहे. ज्याला घाई असेल त्याने इथेच थांबून चिडायला सुरुवात केली तरी चालेल. पण चिडायचं तर माणसाने नीट, तपशीलवार चिडावं, म्हणून पुढचं सांगायचं.

चष्मेवाले म्हणजे गल्लीच्या तोंडाशी चष्म्यांचं छोटं दुकान असलेले गृहस्थ. त्यांना खरं नाव होतं, पण शाळा सुटल्यापासून ते कुणी वापरलं नव्हतं. स्वभावाने इतके गरीब, की कुणी त्यांच्या पायावर पाय दिला तर हेच 'माफ करा' म्हणायचे. त्यांचा मोठा आवाज गल्लीने ऐकला होता तो फक्त शिंकेचा. राहायला गल्लीच्या दुसऱ्या टोकाला, तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत, बायको आणि आईसोबत. त्या टोकाला गल्ली संपायची ती थेट बागेच्या भिंतीवर.

बाग सार्वजनिक होती. तशी पाटीच होती, पण ती पलीकडे, बंगल्यांच्या बाजूच्या मोठ्या फाटकावर. अलीकडे पाटी लावायचं कारण नव्हतं, कारण अलीकडे फाटकच नव्हतं. होती ती पुरुषभर उंचीची भिंत आणि त्या भिंतीत एक लोखंडी दार. रोज सकाळी ते दार करकरत उघडायचं, आतून माळी हातगाडी ढकलत यायचा आणि वाळकी पानं, कापलेलं गवत, कागदी पेले, फुटके फुगे असं सगळं गल्लीच्या टोकाला ओतून पुन्हा आत जायचा. महापालिकेची गाडी मनात येईल तेव्हा तो ढीग उचलायची. म्हणजे बागेची हवा बंगल्यांना, सावली बंगल्यांना, पाखरं बंगल्यांना आणि बागेचं पोट साफ व्हायचं ते चष्मेवाल्यांच्या खिडकीखाली. आणि याचं कुणाला काही वाटत नव्हतं! खुद्द चष्मेवाल्यांनाही नाही. माणसाला सवय फार लवकर लागते, विशेषतः अपमानाची.

मग आई बाथरूममध्ये घसरली आणि तिचं खुब्याचं हाड मोडलं.

ही आई म्हणजे चालणारी बाई. भाजीसाठी दोन बाजार सोडून तिसऱ्यात जायची, कारण पहिल्या दोन्ही बाजारांत तिची भांडणं झालेली. ती अंथरुणाला खिळली तसा घरातला वाराच पडला. ऑपरेशन झालं, हाड जुळलं, चार पायांचा वॉकर आला. डॉक्टर म्हणाले, "हाडाचं काम झालं. आता पायात जीव यायचा तो चालण्यानेच. रोज सकाळी अर्धा तास चालायचं. जमीन मऊ हवी, सपाट हवी आणि झाडाखाली हवी. मोकळी हवा, हिरवळ, यांच्यासारखं औषध नाही. सुरुवातीचे हे काही महिने हातचे घालवू नका. एकदा सांधा धरला की मग खुर्ची."

डॉक्टर राहायला बंगल्यांच्या बाजूला होते. मऊ, सपाट, सावलीची जमीन ही जगात सगळीकडे असते, अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती.

घरात आई चालून बघायची. पलंगापासून ओट्यापर्यंत जायचं म्हणजे वॉकरचा एक पाय स्टुलावर, दुसरा बादलीत आणि तिसरा सुनेच्या पायावर. गल्लीत नेलं तर उघडी गटारं, फरशीचे उंचवटे आणि अंगावर येणाऱ्या स्कूटर. एकदा हौसेने टॅक्सी करून मोठ्या फाटकाकडे नेलं. इतक्या जवळ यायला टॅक्सीवाला आधी तयार होईना. मग आईच्या तोंडाकडे बघून तयार झाला, कारण ते तोंड सुटायच्या बेतात होतं. फाटकाशी मोटारसायकली आत जाऊ नयेत म्हणून लोखंडी नळ्यांचं वेडंवाकडं वळण केलेलं. त्यातून वॉकर जाईना. शेजारी एक रुंद, गुळगुळीत वाट होती. तिला अडसर आणि अडसराजवळ वॉचमन.

"इथून बागमित्र मंडळाचे सभासदच जातात," तो म्हणाला. "कार्ड दाखवा."

"सभासद कसं व्हायचं?" चष्मेवाल्यांनी विचारलं.

"सभासदांच्या ओळखीने."

आई तिथेच, फाटकाबाहेरच्या दगडावर बसली. आतमध्ये एक गृहस्थ कुत्र्याला फिरवत होते. कुत्र्याच्या गळ्यात कार्ड होतं. आईने ते बराच वेळ बघितलं आणि म्हणाली, "चल घरी."

त्या रात्री चष्मेवाल्यांना झोप लागली नाही आणि सकाळी ते लोखंडी दार करकरलं तसं त्यांच्या डोक्यात लख्ख उजाडलं. दार तर आहे! अंगणात असल्यासारखं आहे. रोज उघडतंय. ते तसेच बनियनवर बाहेर गेले आणि माळ्याला म्हणाले, "अहो, सकाळी तुम्ही हे उघडता तेव्हा माझ्या आईला जरा आत येऊ द्याल का? फक्त चालेल आणि परत येईल."

"या की," माळी म्हणाला. "मला काय त्रास? आजींना घेऊन या, मी गाडी बाजूला घेतो."

एवढं सोपं होतं! आईला वॉकर दिला, बायकोने दंड धरला, पाच-सहा पावलांवर दार आलं. आईचा एक पाय आत पडणार इतक्यात पलीकडून शिट्टी वाजली. मोठ्या फाटकाचा तोच वॉचमन हिरवळीवरून पळत आला. हिरवळीवरून पळायला मनाई आहे अशी पाटी होती, तीही त्याने पळताना पाडली.

"परवानगी आहे का?" तो धापा टाकत म्हणाला.

इथे एखादा दुसरा माणूस 'चल हट' म्हणून आत गेला असता. चष्मेवाले म्हणाले, "माफ करा. परवानगी कुठे मिळते?"

इथून पुढे जे झालं त्याला खरं तर हा एक प्रश्न जबाबदार आहे.

चष्मेवाल्यांनी अर्ज लिहिला. अर्ज तीन ओळींचा होता: माझ्या आईचं हाड मोडलं आहे, तिला सकाळी थोडा वेळ कचऱ्याच्या दाराने बागेत येऊ द्यावं, ती कशालाही हात लावणार नाही. तो घेऊन निघाले तर जिन्यापाशी विमावाले काका भेटले. विमावाले काका म्हणजे लोकांच्या मरणाचा विचार करून करून स्वतः मात्र टुणटुणीत राहिलेले गृहस्थ. कुणाच्याही हातात कागद दिसला की त्यांचा हात आपोआप पुढे व्हायचा.

"हे असं नाही चालायचं," अर्ज वाचून ते म्हणाले. "एका म्हातारीसाठी दार कोण उघडेल? तुम्ही व्यापक व्हा. बाग म्हणजे शहराची फुप्फुसं. फुप्फुसं काय एका बाजूने श्वास घेतात? हा मुद्दा घ्या. मुलांची वाढ घ्या. रक्तदाब घ्या. समिती काढा!"

समिती निघाली. पहिली सभा चष्म्याच्या दुकानात भरली. समोर अक्षरांचा तक्ता टांगलेला, त्यामुळे प्रत्येक वक्ता बोलायला उभा राहिला की सवयीने एक डोळा झाकून खालची ओळ वाचून बघायचा. वरच्या मजल्यावरच्या वहिनींनी बागेच्या अभावी आपलं वजन कसं वाढलं ते सांगितलं. कुणीतरी विचारलं, की दार उघडलं तर बंगल्यांकडचे लोक गल्लीत गाड्या लावतील त्याचं काय. त्यावर दोघांची जुंपली. अध्यक्ष कोण, यावर चौघांची जुंपली. सभा संपली तेव्हा अध्यक्षपदी विमावाले काका होते, समितीचं नाव 'हरित आरोग्य समान हक्क संघर्ष समिती' होतं, आणि तीन ओळींच्या अर्जाची चांगली जाडजूड चोपडी झाली होती.

चष्मेवाल्यांनी ती आईला वाचून दाखवली. प्राणवायू, पर्यावरण, भावी पिढ्या, सगळं ऐकून झाल्यावर आईने विचारलं, "यात मी कुठे आहे?"

चष्मेवाल्यांनी पानं मागे-पुढे करून पाहिली. आई नव्हती.

उद्यान कार्यालयात खिडकीवरच्या बाईंनी चोपडी हातात धरून वजन केल्यासारखी वरखाली केली. "दार कुठल्या खात्याचं?"

"बागेचं आहे."

"बाग आमची. दार लोखंडी आहे ना? मग बांधकाम. दार उघडतं कुठे? गल्लीत. म्हणजे रस्ते. त्यातून काय बाहेर येतं? कचरा. म्हणजे घनकचरा."

"आणि आई?"

"आई आरोग्य खात्याची," बाई म्हणाल्या. त्यांच्या चष्म्याची डावी काडी सैल होती. चष्मेवाल्यांनी न राहवून ती घट्ट करून दिली. त्याबद्दल त्यांना आवक शिक्का लगेच मिळाला, हे या सगळ्या प्रकरणातलं पहिलं आणि जवळजवळ शेवटचं यश.

त्यानंतर फाइल फिरू लागली. आणि कशी फिरली म्हणता! एखादा श्रीमंत म्हातारा तब्येतीसाठी फिरतो तशी, रमतगमत, प्रत्येक टेबलावर मुक्काम करत. रस्ते खात्याने कळवलं, की पादचाऱ्यांसाठी दार उघडायचं तर बाहेर फुटपाथ हवा. आणि फुटपाथ करायचा तर तिथे पादचारी असल्याचं सिद्ध व्हायला हवं. आरोग्य खात्याचं उत्तर सगळ्यांत प्रेमळ होतं. त्यांनी मागणीशी पूर्ण सहमती दाखवून सोबत एक रंगीत पुस्तिका पाठवली: 'रोज झाडांखाली चाला'. मुखपृष्ठावर एक हसरी म्हातारी झाडांखाली चालत होती. आईने ती पुस्तिका वॉकरच्या एका आखूड पायाखाली घातली.

बांधकाम खात्याचे साहेब पाहणीला आले ते दुपारी. दार उघडतं सकाळी. साहेबांनी बंद दार पाहिलं, 'दार बंद स्थितीत आढळले, सबब वापर नाही' असं लिहून घेतलं आणि वळताना त्यांचा पाय घोट्यापर्यंत कचऱ्यात गेला. पाय धुवायला चष्मेवाल्यांकडे आले. पलंगावरून आई त्यांच्याकडे बघत होती. "बघा," ती म्हणाली, "तुमचे पाय तरी धुऊन निघतात."

सून मात्र आता समितीचं नाव काढलं की भांडी आपटायला लागली होती. "अहो, त्या संघर्ष समितीला सांगा, रोज एकेकाने येऊन आईंना दोन पावलं चालवा. तेवढं केलंत तरी पुष्कळ झालं." ती खरं बोलत होती. आईचं चालणं कमी होत होतं. सुरुवातीला ती ओट्यापर्यंत जायची, मग खुर्चीपर्यंत, मग पलंगाच्या कडेला नुसती उभी राहायची. "जमीन टोचते," म्हणायची. पण दुसऱ्या दिवशी सभा होती आणि विमावाल्या काकांनी बिल्ले करायला टाकले होते.

चळवळीची बातमी भिंतीपलीकडे गेली. एका रविवारी बागमित्र मंडळाच्या अध्यक्षबाई स्वतः गल्लीत आल्या. डोळ्यांवर भलामोठा काळा चष्मा. चष्मेवाल्यांनी एका नजरेत ओळखलं: बिननंबरी.

"आम्हाला तुमच्याबद्दल खूप वाटतं," बाई म्हणाल्या. "पण काय आहे ना, गर्दी वाढली की झाडांना ताण येतो."

"झाडांना?" चष्मेवाले म्हणाले.

"हो ना. झाडं फार संवेदनशील असतात. म्हणून आम्ही एक वेगळी कल्पना काढलीय. नुसतं हिरवं बघितलं तरी माणसाला बरं वाटतं. तर आम्ही तुमच्या बाजूच्या भिंतीवर झाडं रंगवून देणार आहोत! आमच्या खर्चाने."

आणि खरोखर रंगवली! दिवसभर शिड्या लावून मंडळाच्या लोकांनी भिंतीवर जंगल काढलं. त्यात पोपट होते, हरणं होती, एक धावणारी तरुणी होती. लोखंडी दारावर एका जाड्या झाडाचं खोड आलं. रंगाच्या वासाने आईला रात्रभर खोकला झाला. शेवटी फोटोसाठी तिला खुर्चीत घालून त्या जंगलासमोर बसवलं, तेव्हा तिने अध्यक्षबाईंना खूण करून जवळ बोलावलं.

"छान काढलंय गं," ती म्हणाली. "आता एवढं सांग, याची सावली कुठे पडते?"

बाई हसल्या. असल्या बाया हसतात. त्यांना वाटतं म्हातारं माणूस गमतीने बोलतंय. चष्मेवालेही हसले, आणि ते का हसले याचा त्यांना पुढे कितीतरी दिवस संताप येत राहिला. सकाळी माळ्याला दार उघडेना, कारण रंग चिकटून बसला होता. त्याने आतून लाथ घातली, खोडाला उभी भेग गेली आणि त्या भेगेतून नेहमीप्रमाणे कचरा बाहेर आला.

अखेर फाइल सहीवाल्या साहेबांकडे पोचली. सहीवाले साहेब म्हणजे त्या कार्यालयातली शेवटची पायरी. त्यांच्याकडे गेलेला कागद कधी नामंजूर झाला नव्हता, कारण त्यांना दिसतच नव्हतं. शिपाई कागदावर बोट ठेवायचा आणि साहेब बोटाच्या शेजारी सही करायचे. एकदा शिपायाच्या नखावरच केली होती. "आता झालंच समजा," विमावाले काका म्हणाले. "त्या माणसाने आजवर एक ओळ वाचलेली नाही. देवमाणूस आहे."

चष्मेवाले एकटेच गेले. खोलीत फायलींचे ढीग, खिडकीत वाळलेलं रोप आणि टेबलामागे साहेब. साहेबांनी चोपडी आधी हातभर लांब धरली, मग नाकाला लावली, मग नाद सोडून खाली ठेवली. शिपायाने बोट ठेवलं. साहेबांनी पेन उघडलं, पेन कागदाला टेकलं.

आणि चष्मेवाले म्हणाले, "थांबा साहेब."

माणसाचा धंदा त्याच्या रक्तात असतो हेच खरं. समोर एक माणूस डोळे बारीक करून कपाळाला आठ्या घालतोय हे त्यांच्याने बघवेना. "साहेब, असं किती दिवस चाललंय? डोकं दुखत असेल ना संध्याकाळी? एकदा दुकानावर या. दहा मिनिटांचं काम आहे."

साहेबांनी पेन बंद केलं. इतक्या वर्षांत त्यांच्या डोक्याची चौकशी कुणी केली नव्हती. ते त्याच संध्याकाळी दुकानात आले. चष्मेवाल्यांनी जीव ओतून डोळे तपासले, चांगल्यातल्या काचा घातल्या आणि चष्मा नाकावर चढवला. साहेबांनी समोरच्या तक्त्याची अगदी खालची ओळ वाचली, आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"उपकार झाले तुमचे," ते म्हणाले. "तुमची फाइल मी उद्याच बघतो."

आणि खरंच बघितली! तीच तर बोंब झाली. आयुष्यात पहिल्यांदा साहेबांना अक्षरं दिसली, त्यामुळे त्यांनी चोपडी पहिल्या पानापासून वाचली. मग ज्या नियमांचा तिच्यात उल्लेख होता ते नियम काढून वाचले. मग नियमांच्या खालच्या बारीक टिपा वाचल्या. त्या टिपा आजवर कुणीच वाचल्या नव्हत्या, लिहिणाऱ्यानेही बहुधा नाही.

"बसा," त्यांनी चष्मेवाल्यांना मोठ्या मायेने खुर्ची दिली. "हे दार निर्गमद्वार आहे. म्हणजे फक्त बाहेर येण्यासाठी. आणि तेही फक्त कचऱ्यासाठी. आता तुम्हीच सांगा, मातोश्री कचरा आहेत का?"

"नाही!"

"मग कसं चालेल?" साहेब कळवळून म्हणाले, आणि चष्मेवाल्यांनी दिलेल्या चष्म्यातून नीट बघून, रेघेवर, सुरेख अक्षरात त्यांनी 'नामंजूर' लिहिलं.

घरी आल्यावर चष्मेवाले हातपाय धुऊन जेवायला बसले. बायकोने एकदा त्यांच्या तोंडाकडे बघितलं आणि पान वाढलं. आई म्हणाली, "काही नाही रे, पाय तसाही दुखतोच." ती समजूत काढत होती हे कळल्यावर त्यांनी ताट बाजूला सारलं.

साहेब तेवढ्यावर थांबले असते तरी एक वेळ ठीक होतं. पण दिसायला लागलेला माणूस वाचत सुटला. सापडेल ती फाइल वाचली, कार्यालयातल्या लोकांच्या तोंडचं पाणी पळालं आणि वाचता वाचता त्यांना असं सापडलं, की बंगल्यांच्या बाजूच्या त्या कार्डवाल्या रुंद वाटेलासुद्धा कधी परवानगी दिलेली नव्हती. नियम म्हणजे नियम! त्यांनी मोठ्या फाटकालाच कुलूप ठोकलं. गल्लीत आनंदीआनंद झाला. विमावाल्या काकांनी सगळ्यांना चहा पाजला. "हा समान हक्क!" ते म्हणाले. "आत कुणीच जायचं नाही. मिळाला की नाही न्याय?"

तो न्याय जेमतेम दोन दिवस टिकला. बंगल्यांतून फोन गेले, गाड्या गेल्या, आपले डॉक्टरही म्हणे तावातावाने बोलले, की नागरिकांना सकाळची मोकळी हवा नाकारणं हा गुन्हा आहे. तिसऱ्या दिवशी खास हुकूम निघाला. फाटक उघडलं. अडसर काढून नवा, गुळगुळीत, आपोआप वर जाणारा बसवला. दोन दिवस! ज्या कामासाठी चष्मेवाल्यांनी उन्हाळा संपवला, पाच टेबलांपुढे माना घातल्या, काड्या घट्ट करून दिल्या, बिल्ले लावून हिंडले, ते काम पलीकडच्या लोकांचं दोन दिवसांत झालं, आणि त्यांना अर्जसुद्धा करावा लागला नाही. कुणालाही राग येईल. राग आलाच पाहिजे. ज्याला येत नाही त्याने आपले डोळे तपासून घ्यावेत.

त्याच आठवड्यात आईला दाखवायला नेलं. डॉक्टरांनी पाय हलवून पाहिला. आई ओरडली नाही, पण तिने सुनेचा हात असा दाबला की बांगडी मोडली.

"सांधा धरलाय," डॉक्टर म्हणाले. "मी सांगितलं होतं ना, हिरवळीवर चालवा म्हणून? तुम्ही लोक मनावर घेत नाही."

तुम्ही लोक! चष्मेवाल्यांच्या ओठांवर काहीतरी आलं. ते नेहमीसारखं 'माफ करा' असणार म्हणून बायकोने त्यांच्याकडे बघितलं. पण त्यांनी नुसता आईचा वॉकर उचलला. बाहेर येऊन त्यांनी चाकांची खुर्ची विकत घेतली आणि आईला तिच्यात बसवून घरी आणलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई खुर्चीत, दाराशी, उन्हात बसली होती. लोखंडी दार करकरलं. माळी गाडी घेऊन आला, खाली बघत त्याने ढीग ओतला. एक कागदी पेला वाऱ्याने घरंगळत आला आणि खुर्चीच्या चाकाला अडला. आईने वाकून तो उचलायचा प्रयत्न केला. हात पोचला नाही.

चष्मेवाले दाढी करत होते. अर्ध्या तोंडाला फेस, तसेच बाहेर आले. खिशातून चष्मे दुरुस्त करायचा, काडीएवढा स्क्रू-ड्रायव्हर काढला आणि दाराच्या बिजागरीला भिडले. पहिल्याच झटक्याला तो मोडला. त्यांनी दाराला लाथ घातली. चप्पल पलीकडे उडाली, दार तसंच. मग त्यांनी दोन्ही हातांनी दार धरून गदागदा हलवायला सुरुवात केली आणि त्यांच्या तोंडून अशा काही शिव्या बाहेर पडू लागल्या, की वरच्या वहिनींनी आधी खिडकी लावून घेतली आणि मग नीट ऐकू यावं म्हणून पुन्हा उघडली. रस्ते खातं, बांधकाम खातं, रंगवलेली हरणं, रंगीत पुस्तिका, संघर्ष समिती, कार्डवालं कुत्रं, कुणालाही त्यांनी सोडलं नाही.

माळी थोडा वेळ बघत उभा राहिला. मग आत गेला, पहार घेऊन आला आणि ती त्यांच्या पायाशी टाकली. "माझी पहार सकाळपासून सापडत नाहीये," असं तो कुणालाच उद्देशून नाही अशा रीतीने म्हणाला आणि पाठ करून विडी पेटवत बसला.

पहारीने काम झालं. वरची बिजागरी सुटली, मग खालची, आणि जाड्या झाडाचं खोड पोपटांसकट धाडकन गल्लीत आडवं झालं.

शिट्टी वाजली. वॉचमन पळत आला. "परवानगी आहे का? हे दार..."

"कुठलं दार?" चष्मेवाले असे ओरडले की वॉचमनच्या तोंडातली शिट्टी पडली. "दाखव ना! कुठाय दार? कशाची परवानगी मागतोस?"

वॉचमनने बघितलं. दार नव्हतं. भिंतीत नुसती मोकळी जागा होती आणि तिच्यातून आतली थंड हवा गल्लीत येत होती. (पुढे सहीवाल्या साहेबांनीही नियम उलटेपालटे करून पाहिले, दार नसलेल्या जागेबद्दल त्यांत काहीच नव्हतं. 'दाराचा शोध सुरू आहे' असा शेरा मारून ती फाइल अजून फिरते आहे.) तेवढ्यात गल्ली जमली. कुणी कुणाला काही सांगितलं नाही. वरच्या वहिनी पहिल्यांदा आत शिरल्या, मग बाकीचे, आणि सगळ्यांत शेवटी, बिल्ला लावून, विमावाले काका.

चष्मेवाल्यांनी आणि बायकोने आईची खुर्ची उचलून आत नेली आणि पहिल्या मोठ्या झाडाखाली ठेवली. चष्मेवाल्यांच्या गालावरचा फेस वाळला होता, हातातून रक्त येत होतं आणि कितीतरी वर्षांनी त्यांना अगदी बरं वाटत होतं. आईने चपला काढायला सांगितल्या. तिने दोन्ही तळवे गवतावर टेकवले आणि बोटं हलवली.

"उभी कर मला," ती म्हणाली.

दोघांनी दोन बाजूंनी धरलं. ती उठली, क्षणभर उभी राहिल्यासारखी झाली आणि पाय मुडपून पुन्हा खुर्चीत बसली. पुन्हा एकदा उठवलं. पुन्हा तसंच. तिसऱ्यांदा तिने हात वर करून नको म्हटलं. समोरच्या वाटेवरून वहिनी पदर खोचून तरातरा चालत गेल्या, परत आल्या, पुन्हा गेल्या. आई त्यांच्या पायांकडे बघत होती.

"हे दार उखडायला किती वेळ लागला रे?" तिने विचारलं.

"फार नाही, आई."

"मग पहिल्याच दिवशी का नाही उखडलंस? तेव्हा माझे पाय होते."

चष्मेवाल्यांनी गालावरचा फेस पुसला. "अर्ज दिला होता ना, आई."

"हो. तो चालला भरपूर," आई म्हणाली. "चल, आता मला घरी ने."